पाणी चढवण्याची शर्यत आणि तिचे नियम

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज तालुक्याच्या तंत्रनिकेतनात नाहीतर आयटीआयमध्ये शिकत आहेत. वर्षातून एकदा त्यांच्या स्पर्धा होतात. मुले घरी येऊन सांगतात, 'आमचा पहिला नंबर आला,' आणि आपण पाठ थोपटतो. नंबर कशावरून काढला, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. पण एका स्पर्धेत परीक्षक म्हणून माझी सही आहे आणि त्या सहीने मला वर्षभर झोप नीट लागू दिली नाही. ती हकीकत आणि तिच्यातून पुढे जे झाले ते आज सांगणार आहे. पाणी उपसण्याबद्दल चार उपयोगाच्या गोष्टीही त्यात येतील.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या भागातल्या एका तंत्रनिकेतनात मुलांना काम दिले होते : विजेशिवाय व डिझेलशिवाय पाणी वर चढवणारे यंत्र बनवा. परीक्षक तिघे. दोन प्राध्यापक आणि शेतीखात्याचा म्हणून मी. नियमांचा कागद अर्ध्या पानाचा होता. हौदातले पाणी एक मीटर उंचीवरच्या पिंपात टाकायचे, वेळ दोन मिनिटे, ज्याचे पाणी जास्त तो पहिला. यंत्र किती जणांनी चालवायचे, किती खर्चाचे असावे, यावर अक्षर नव्हते.

पहिला आला तो चार मुलांचा गट. दोन सायकली शेजारी ठोकलेल्या, पट्ट्याने जोडलेला पंखा आणि पंख्याला मोठे नळकांडे. दोन मुले सायकलीवर, दोन मागून चाकाला हात देणारी. दोन मिनिटांत ४३० लिटर पाणी! मैदानात शिट्ट्या वाजल्या. तिसऱ्या मिनिटाला पट्टा निसटला आणि एकाची बाही त्यात गेली. नशीब, सदरा जुना होता, फाटून सुटला. पण घड्याळ तोवर थांबले होते, म्हणून ते कुणाच्या हिशेबात आले नाही.

अकराव्या नंबरवर तीन मुलींचा गट होता. चार इंची प्लास्टिक पाइपाच्या दोन नळ्या, आत कातडी वायसर, वर पायाने दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या. एक पट्टी खाली गेली की कप्पीवरच्या दोरीने दुसरी वर येते. जिन्यावर जागच्या जागी चढावे तसे चालायचे. एकच मुलगी चालवत होती. दोन मिनिटांत ९० लिटर. मी कागदावर आकडा लिहिला आणि पुढच्या यंत्राकडे वळलो.

जूनमध्ये खरिपाच्या बैठकीला एका गावी गेलो होतो. बैठक संपल्यावर एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "सायेब, त्या पंपाच्या शर्यतीत तुम्ही हुता न्हवं? माझी पोरगी हुती त्यात." मी म्हटले, "होय, चांगला प्रयत्न होता." त्यावर ते म्हणाले, "प्रयत्न ऱ्हाऊ द्या. पंप बघायला या."

त्यांच्या शेततळ्याच्या काठावर तो पंप बसवला होता. त्यांची मंडळी रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटे त्यावर चालत आणि दोन गुंठ्यांतली मेथी, वांगी, मिरची भिजत. मार्चपासून जून लागेपर्यंत एकदाच वायसर बदलला, तोही घरीच. पाणी वाहताना पाहून मी गप्प झालो. मग ते गृहस्थ मला जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. "पोरगी म्हणती, हे काम आपलं न्हाई. मशीनचा कोर्स सोडती. अकरावा नंबर आला म्हंती. मला सांगा, चार गड्यांची ताकद आन् एका बाईची ताकद तुम्ही एकाच काट्यावं कशी तोलली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलीने कोर्स सोडू नये म्हणून मी चार शब्द बोललो, पण चूक शब्दांनी निस्तरण्यासारखी नव्हती. ती नियमांच्या कागदात होती.

एक मीटर आणि सहा मीटर

त्या रात्री मी जुनी वही काढून हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक मीटर उचलायला जवळजवळ दहा ज्यूल काम लागते. धडधाकट माणूस तासभर न थांबता साठ ते पंचाहत्तर वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. दोन मिनिटे म्हटली तर त्याच्या दुप्पट-तिप्पटही देईल, पण मग बसून राहील. दोन मिनिटांच्या शर्यतीत तपासला जातो तो मुलांचा दम, यंत्राचा कस लागत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. पंख्याचा पंप, म्हणजे आपल्या मोटरपंपाच्या जातीचा, पाण्याला फिरवून बाहेर फेकतो. त्याचा जोर फेऱ्यांवर अवलंबून. फेऱ्या अर्ध्या झाल्या की तो चढवू शकेल ती उंची पाव होते. सायकलीने फिरवलेला पंखा एक मीटरला धो-धो पाणी देईल, आणि तोच तीन मीटरला नुसता घुसळत बसेल. बाहेर थेंब येणार नाही. दट्ट्याच्या पंपाचे तसे नाही. तो प्रत्येक खेपेला ठरलेले माप ढकलतो. उंची वाढली तर पाय जड होतात, माप जवळपास तेच राहते. आमचा पिंप एक मीटरऐवजी सहा मीटरवर असता तर निकालाचा कागद उलटा झाला असता. आणि शेतकऱ्याच्या घरी पाणी एक मीटर चढवून कुणाचे भागते?

उंचीबद्दल आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की आपण मोटर खालच्या टप्प्यावर उतरवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. का उतरवतो? पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता पंप फक्त नळीतली हवा काढतो. पाण्याला वर रेटते ती विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली बाहेरची हवा. त्या हवेचा भार समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. त्यापलीकडे जगातला कोणताही पंप वर बसून पाणी ओढू शकत नाही, मग तो लाख रुपयांचा का असेना. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथे हिशेब पावणेदहा मीटरच्या आत येतो. सांध्यांतली गळती, नळीतले घर्षण हे वजा जाता सहा-साडेसहा मीटर धरावे. इटलीतल्या पंपवाल्यांना हा अनुभव चारशे वर्षांपूर्वीच आला होता. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे, आणि त्याचा शिष्य टॉरिसेली याने पुढच्या सहा-सात वर्षांत पाण्याऐवजी पारा घेऊन कोडे सोडवले. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवरच थांबतो. हाच पुढे हवामान सांगणारा वायुभारमापक झाला.

मोटेला ही अडचण नव्हती, कारण मोट स्वतःच पाण्यात बुडायची. रहाटाचे गाडगेही तसेच. बैल धावेवरून उतरले की नाडा मोट वर आणी आणि सोंड थारोळ्यात मोकळी होई. चाळीस फूट विहीर असो की पन्नास, पाणी येई. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही, पण तिच्यात शिकण्यासारखे आहे : पाणी खोल असेल तर यंत्राचा कामाचा भाग पाण्यात उतरला पाहिजे.

आपल्याच मुलखातला धडा

गावोगावचा हातपंप आपण रोज पाहतो. त्याला इंडिया मार्क दोन म्हणतात. त्याचे मूळ आपल्या सोलापूर-जालन्याकडे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दुष्काळी भागांत विंधन विहिरी घेतल्या गेल्या, १९७२ च्या दुष्काळानंतर आणखी वाढल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप परदेशी नमुन्यांवरून केलेले होते. तो नमुना एका कुटुंबासाठी, दिवसातून चार-सहा वेळा दांडा हलवण्यासाठी होता. आपल्याकडे त्याच पंपावर सकाळपासून रात्रीपर्यंत सारे गाव रांगेत. सांधे झिजले, खिळी तुटल्या, पंप बंद पडले. पंप वाईट नव्हता. त्याची परीक्षा ज्या घरात झाली होती ते घर आपले नव्हते.

त्यावेळी जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या मंडळींनी पाण्याची कामे हाती घेतली होती. तिथल्या कारागिरांनी पोलादाचा, एकाच ठिकाणी फिरणाऱ्या दांड्याचा आणि साखळीने सळई उचलणारा पंप बनवला. त्यावरूनच भारत सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्क दोन हा नमुना ठरवला. त्याचा दट्ट्या साडेसहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर रुंद आणि उचल साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे एका खेपेला जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी. दिसायला थोडे, पण दट्ट्या खाली विहिरीत, पाण्यात बुडालेला. म्हणून शंभर-दीडशे फुटांवरूनही पाणी येते. त्याची एकच खोड : वायसर बदलायचा तर सारे पाइप उपसावे लागतात, तालुक्याची गाडी यावी लागते. पुढे मार्क तीन आला, त्यात पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर ओढता येतो. म्हणजे जाणकारांनाही दुरुस्तीचा विचार पंप गावोगाव गेल्यावरच सुचला. मग आमच्या मुलांना तो आधीच करायला लावला तर काय बिघडेल?

मुलींनी बनवलेल्या पायपंपाची मूळ जात बांगलादेशातली आहे. तिथे १९८० च्या सुमारास गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन इंजिनियराने रंगपूर-दिनाजपूर भागात बांबूच्या पट्ट्यांचा पंप तयार केला. तो गावातल्या सुताराला आणि पत्राकाम करणाऱ्याला जमे. पुढे असे दहा लाखांहून अधिक पंप तिथे विकले गेले. पण तिथे पाणी जमिनीखाली दोन-चार मीटरवर असते. आपल्या काळ्या दगडातल्या पन्नास फुटी विहिरीच्या काठावर तो पंप बसवाल तर फसाल. शेततळे, ओढ्याचा डोह, बंधाऱ्याचा फुगवटा, कोकणातल्या उथळ विहिरी, पूर्व विदर्भातले तलाव, ही त्याची खरी ठिकाणे.

कुणी म्हणेल, साहेब, आता सौर पंपाचे दिवस आले, पायाने पाणी कोण काढणार? खरे आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ मध्ये. एकराला दोन इंच पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागते. मिनिटाला चाळीस लिटरने पायपंप चालवला तर ऐंशीहून अधिक तास होतात. हे माणसाचे काम नव्हे, आणि मी कुणालाही तसे करायला सांगणार नाही. पण दोन गुंठे भाजीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटरच्या हिशेबाने हजार लिटर पुरते, ते पंचवीस मिनिटांत होते. सोबत रोपवाटिका, चार जनावरांचे पाणी, फवारणीचे पिंप. एवढ्यासाठी वायर ओढणे नको, मोटर चोरीला जाण्याची भीती नको. ज्या घरी आजही डोक्यावर हंडे आणून भाजी जगवतात त्या घरासाठी हे यंत्र आहे. त्या घरातली बाई ते चालवणार, हे नियम लिहिताना आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नव्हते.

नव्या कागदावर काय लिहिले

ऑगस्टमध्ये मी प्राचार्यांना भेटलो आणि म्हटले, यंदा नियम लिहिण्याच्या बैठकीला मला बोलवा. मोठ्या मनाने त्यांनी बोलावले. मी माझ्याबरोबर आमच्या पेठेतल्या पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना नेले. त्यांचे शिक्षण सातवी. आधी ते संकोचून कोपऱ्यात बसले. पण अर्ध्या तासाने एकच वाक्य बोलले आणि बैठकीचे वळण बदलले. म्हणाले, "चांगल्या पाण्यात समदेच पंप चांगले असत्यात."

म्हणून गढूळ पाण्याचा नियम झाला. हौदाच्या दर दोनशे लिटर पाण्याला एक पाटी शेतातली चाळलेली माती टाकायची आणि काठीने ढवळत राहायचे. वायसर, झडप, जाळी यांची खरी परीक्षा तिथे होते. हौद कॉलेजच्या इमारतीलगत जमिनीखाली आहे, पाणी तीन मीटर खाली. पिंप पहिल्या मजल्याच्या गच्चीवर, जमिनीपासून तीन मीटर वर. एकूण सहा मीटर, निम्मी ओढ आणि निम्मा रेटा. यंत्र जमिनीवर ठेवा की हौदात उतरवा, मोकळीक आहे. ज्याला मोटेची युक्ती वापरायची त्याने वापरावी. गेल्या वर्षी एका गटाने दोरीला वायसर ओवून ती नळीतून सतत फिरवणारा पंप आणला होता. एक मीटरला तो ओशाळवाणा दिसला. सहा मीटरला कदाचित त्याचे दिवस येतील.

वेळ अर्धा तास. यावरून मोठी चर्चा झाली. एक प्राध्यापक म्हणाले, चालवणाऱ्याची मेहनत मोजली पाहिजे, नाहीतर न्याय होणार नाही. नाडीचे ठोके मोजावेत, दांड्यावर जोर मोजणारे काटे बसवावेत, अशा सूचना आल्या. काट्यांची किंमत ऐकून प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी मी म्हटले, अर्धा तास हाच काटा. यंत्र मेहनत वाया घालवत असेल तर माणूस दहाव्या मिनिटाला थांबेल. त्याला थांबायची मुभा द्या, हवे तितके थांबू द्या, घड्याळ मात्र चालू ठेवा. साठ वॅट देणारा माणूस आणि त्यातले साठ टक्के पाण्यापर्यंत पोचवणारे यंत्र असेल तर सहा मीटरला मिनिटाला छत्तीस लिटरच्या आसपास पडतात, अर्ध्या तासाला हजारावर. हे माप भिंतीवर लिहून ठेवायचे ठरले. म्हणजे मुलांना आपण कुठे आहोत ते कळेल. दोन हजार लिटर काढतो म्हणणाऱ्याने एकतर चार माणसे लपवली आहेत नाहीतर पिंप नीट मोजलेला नाही.

घड्याळ सुरू होते ते नळ्या कोरड्या असताना. पंप हवा धरतो, पाणी भरावे लागते, त्यात जो वेळ जाईल तो गटाचा. मधोमध पाच मिनिटे यंत्राला हात लावायचा नाही, चालवणारा बदलायचा. ही पाच मिनिटे अर्ध्या तासात धरलेली नाहीत. ही युक्ती मिस्त्रींची. तळाची झडप गळकी असेल तर तेवढ्यात पाणी उतरून जाते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. गळक्या झडपेने रोज सकाळी छळलेला शेतकरी हा नियम वाचून हसेल.

अर्ध्या तासानंतर परीक्षक सांगतील तो वायसर काढून नवा बसवायचा. हत्यारे गावात मिळतील तेवढीच : पाना, पक्कड, हातोडी, करवत. ज्याला खास पाना बनवून आणावा लागला त्याचे गुण कापले. खर्चाची मर्यादा सहा हजार रुपये. इथे एक पळवाट असते, ती गेल्या वर्षी पाहिली होती. 'बेअरिंग मामाच्या गॅरेजमधून फुकट मिळाले' असे मुले लिहितात. सगळ्यांना मामा असतात, पण सगळ्या मामांची गॅरेजे नसतात. म्हणून फुकट मिळालेली वस्तूही बाजारभावाने धरायची, भंगारातली असेल तर भंगाराच्या भावाने.

धोक्याचे नियम थोडे पण कडक केले. उघड्या विहिरीवर काम नाही. हौदावर लोखंडी जाळी. वीज कशालाच नाही, सुरुवातीला धक्का द्यायलाही नाही. सोडावॉटरच्या बाटल्यांत हवा कोंबून पाणी फेकणारी यंत्रे बाद. फिरणारी साखळी, पट्टा, चाक यांवर झाकण नसेल तर यंत्र मैदानात येणार नाही. ही ओळ लिहिताना मला ती फाटकी बाही दिसत होती.

एका मुलाने जलधक्का पंप आणू का, असे विचारले. वाहत्या पाण्याच्या हिसक्याने थोडेसे पाणी उंच चढवणारे ते यंत्र, उष्ण हवेचे पहिले फुगे उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंपैकी एकाने १७९६ मध्ये केलेले. अतिशय सुंदर यंत्र आहे, पण त्याला ओढा लागतो आणि आमच्या कॉलेजला ओढा नाही. त्याला प्रदर्शनात जागा दिली, शर्यतीत नाही. मुलगा नाराज झाला. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या कॉलेजाने त्याच्यासाठी वेगळी स्पर्धा घ्यावी.

अकरावा नियम

कागद तयार झाला तेव्हा दहा नियम होते. छापायला देण्याआधी मी तो घेऊन त्या शेततळ्यावर गेलो. मुलीने कोर्स सोडला नव्हता, पण स्पर्धेत पुन्हा उतरायचे नाही असे ठरवले होते. मी म्हटले, "उतरू नको. पण हे वाच आणि चूक सापडली तर सांग." तिने कागद दोनदा वाचला, वहीचे पान फाडले आणि आकडे मांडू लागली. मग म्हणाली, "सर, चालवणारा गटातलाच ठेवलाय तुम्ही. मग तर हे पुन्हा तेच होणार."

तिचा हिशेब मी जसाच्या तसा देतो, कारण पायपंप घेणाऱ्या प्रत्येकाने तो करून पाहावा. पायपंपात जोर म्हणजे चालवणाऱ्याचे वजन. चार इंची नळीतल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. सहा मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम. म्हणजे दट्ट्यावर ४७ किलो भार. पट्टीची तरफ दोनास एक असेल तर पायाला २४ किलो, वायसरचे घर्षण धरून तीसच्या आसपास. बेचाळीस किलोची बाई हे आरामात दाबते. आता एखाद्या गटाने सहा इंची नळी घेतली तर भार १०६ किलो, तरफेने ५३, घर्षण धरून साठ. ऐंशी किलोचा पैलवान मुलगा हे यंत्र झपाझप चालवील, एका खेपेला दुपटीहून जास्त पाणी काढील आणि पहिला येईल. आणि ते यंत्र घरी नेले तर त्याच्या आईच्या पायाखाली पट्टी हलणारसुद्धा नाही. "आमच्या आईचं वजन बेचाळीस आहे, सर," ती म्हणाली. "म्हणून आम्ही चार इंची घेतली होती. गेल्या वर्षी कुणी विचारलंच नाही, का घेतली ते."

मी पेन काढले आणि तिथेच बांधावर बसून अकरावा नियम लिहिला. पहिली पंधरा मिनिटे गटातला एकजण यंत्र चालवील. दुसरी पंधरा मिनिटे ज्यांचे वजन चाळीस ते पन्नास किलो आहे अशा, बचत गटांतून आलेल्या महिलांपैकी चिठ्ठी टाकून निघेल ती ताई. तिला समजावून सांगायला गटाला पाच मिनिटे, त्यानंतर बोलायचे नाही. दोन्ही वेळच्या पाण्याची बेरीज नाही, दोन्हींपैकी जे कमी तेच गुणांना धरायचे. हे शेवटचे वाक्यही तिचे. आणि ही यंत्रे का अशी बनवली, नळी किती इंची आणि का, हे सांगायला प्रत्येक गटाला दहा मिनिटे व त्यावर पंधरा गुण.

बैठकीत हा नियम वाचला तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, बाहेरच्या बायका आणणे जरा अवघड जाईल. प्राचार्यांनी विचारले, "पंप बाहेरच्या बायकांनीच चालवायचा आहे ना?" नियम मंजूर झाला.

तीन गावांच्या बचत गटांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. बत्तीस नावे आली. प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण कॉलेज देणार आहे. वजनाची गोष्ट निघाल्यावर मात्र थोडी गडबड झाली. एक मावशी म्हणाल्या, "पंप चालवू, पर चारचौघांत आमची वजनं वरडून सांगायची न्हाईत." तेव्हा आडत दुकानाचा मोठा काटा मैदानात ठेवायचा बेत रद्द केला. काटा आता मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात असेल, आकडा चिठ्ठीवर लिहिला जाईल आणि ती चिठ्ठी फक्त माझ्याकडे राहील.

स्पर्धा येत्या फेब्रुवारीत आहे. सोळा गटांनी नावे दिली आहेत. सोळावे नाव शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचला आले. तिघीही जुन्याच आहेत. नळी या खेपेला चार इंचीऐवजी साडेतीन घेणार आहेत असे कळले. का, ते त्या दहा मिनिटांत विचारणार आहे.